म्हशीची व्यवस्था दाखवा

आमच्या घरातून आफ्रिकेला कोण जाणार आणि कोण नाही, हे एका म्हशीनं ठरवलं. हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते आहे. सांगलीच्या एका संघटनेची पत्रकं लिहिण्यात माझी पाच-सहा वर्षं गेली आहेत आणि आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं की मुद्दा पहिल्या ओळीत सांगून मोकळं व्हायचं. वाचणारा स्टँडवर उभा असतो, त्याची गाडी कधीही लागते.

तर मुद्दा सांगून झाला. आता तपशील.

वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मग सांगलीजवळ कुपवाडला एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीचे साहेब म्हणून काही वर्षं काढली. तिथूनही मोकळे झाल्यावर एका रविवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं की आता आफ्रिकेची सफारी करायची. केनियात जायचं, उघड्या टपाच्या जीपमध्ये उभं राहायचं आणि सिंह बघायचा. यामागं जुनं दुखणं होतं. त्यांच्या पलटणीतले काही जण शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत जाऊन आले होते, आणि वडिलांचं नाव शेवटच्या यादीतून गळालं होतं. जे गेले त्यांनी पुढं इतकी वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सिंह सांगितला. वडिलांनी तो गपगुमान ऐकून घेतला. त्यातल्या निम्म्यांनी छावणीतली कुत्री सोडून काही बघितलं नसणार असा माझा अंदाज आहे, पण पुरावा नसल्यानं मी हे कधी छापलं नाही.

"दोन शिटा," वडील म्हणाले. "मी आन् तू. तुला इंग्रजी येतं आन् तू भांडतीस. विमानतळावर दोनीचा उपयोग हाय."

मी विचारलं, आणि आई?

वडिलांनी भाकरी मोडता मोडता गोठ्याच्या दिशेनं मान हलवली. चुलीपुढं बसलेल्या आईनंही तिकडंच बघितलं. दोघांची युती आधीच झालेली होती.

आता म्हशीबद्दल सांगणं भाग आहे. आमच्याकडं एकच म्हैस आहे आणि ती एकाच माणसाला दूध देते. पहिल्या वेताला तिचं रेडकू गेलं, तेव्हा आईनं तिला चुचकारून, शिव्या देऊन, तासतासभर बोलत बसून धारेला उभं केलं. पुढं रेडकं झाली, मोठी झाली, पण त्या दोघींची तेव्हा जी काही बोलणी झाली त्यात तिसऱ्याला जागा राहिली नाही. परका हात लागला की ती पान्हा चोरते. कास तट्ट भरलेली असते, तुमची बोटं सड ओढून वळतात, आणि ती दूध वर धरून तुमच्याकडं अशी बघते की आपलाच अर्ज अपुरा असावा. सकाळी सहाची धार आणि संध्याकाळी सहाची धार. म्हणजे आईच्या जगाचा घेर बारा तासांचा. त्यात जाऊन येण्याजोगं जे असेल ते तिनं बघितलं आहे. साताऱ्याला गेली, कोल्हापूरला गेली, एकदा घाईघाईनं महाबळेश्वरही बघितलं, त्यातलं तिला फक्त पार्किंग आठवतं. लग्नात ती अक्षता टाकते आणि धारेला पळते. तिनं पंगतीला बसून जेवलेलं लग्न मला आठवत नाही.

म्हैस आटल्यावर जा की, असं तुम्ही म्हणाल. आटते तेव्हा ती गाभण असते, आणि तेव्हा तर आई अंगणाच्या बाहेरसुद्धा जात नाही.

त्या दुपारी मी आईशेजारी जाऊन बसले. रोज दोन ते चार ती शेंगा फोडत टीव्हीवर जनावरांचं चॅनेल बघते. इतकी वर्षं मला वाटायचं की टीव्ही आपला चालू असतो. मी विचारलं, तुला जायचंय का? तिनं आधी गुडघा सांगितला, मग ऊन सांगितलं, मग लोक काय म्हणतील ते सांगितलं. तेवढ्यात पडद्यावर ती दाढीवाली जनावरं आली, हजारोंनी, नदी ओलांडायला निघालेली. आईचे हात थांबले.

"एवढी जनावरं," ती म्हणाली, "आन् त्यातल्या एकाचं बी शेण मला काढायचं न्हाई. नुसतं बसून बघायचं. आसं एकदा बघायचं हुतं."

आणि परत शेंगा फोडायला लागली.

मी बाईच्या घरकामाच्या मोलावर दोन वर्षं पत्रकं वाटली आहेत. पलूसच्या बाजारात, कडेगावच्या स्टँडवर, भर उन्हात अनोळखी बायकांना अडवून विचारलं आहे की ताई, तुम्हाला शेवटची सुट्टी कधी मिळाली. त्यातलंच एक पत्रक आमच्या घरात भाकरीच्या दुरडीत खाली घातलेलं मी बघितलं होतं, आणि तेव्हा मला आईचाच राग आला होता. तिला विचारायचं मात्र कधी सुचलं नाही. असो. हा राग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी कागद घेतला.

"आईला आफ्रिकेला नेलंच पाहिजे" असा मथळा. खाली लिहिलं की जवानाला वर्षाला दोन महिने रजा मिळते, बाईला किती? सुभेदारसाहेबांनी नोकरीभर रजा घेतली आणि त्या प्रत्येक रजेत आईचं काम वाढलं, कारण रजेवर आलेल्या माणसाला दिवसाला पाच वेळा चहा लागतो. दोन नाही, तीन तिकिटं काढा. सही केली, 'समस्त महिलावर्ग'. घरात महिलावर्ग दोघींचा, आणि त्यातल्या एकीचा विरोध होता, पण संघटनेत एवढं चालतं. पत्रक फ्रिजवर चिकटवलं.

वडिलांनी ते उभ्यानं, चष्मा लावून, दोनदा वाचलं. चहाच्या आकड्यावर बोट ठेवून 'चार' अशी दुरुस्ती केली. मग खाली लाल पेनानं लिहिलं: मागणी तत्त्वतः मान्य. म्हशीची व्यवस्था दाखवा. त्याखाली सही आणि तारीख.

मी आजवर बऱ्याच कार्यालयांकडून बरीच उत्तरं घेतली आहेत. इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

वडील शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगलीच्या टूर कंपनीत तीन नावं दिली. तिथल्या बाई फोनवर फार गोड बोलायच्या. त्यांनी सांगितलं की निघण्याच्या तीन आठवडे आधीच्या शनिवारपर्यंत नावं पक्की करा, त्यानंतर बदल नाही. म्हणजे म्हशीची व्यवस्था त्या शनिवारच्या आत. नाही झाली तर आई गळणार. वडिलांचं नाव जसं गळालं होतं तसंच, फक्त हिच्याबद्दल पंगतीत कुणी हळहळणारही नव्हतं.

तयारी सुरू झाली. वडिलांनी मोहिमेसारखा तक्ता केला. त्यांच्याकडं एक चट्ट्यापट्ट्यांचं लष्करी जाकीट होतं, ठेवणीतलं, इस्त्रीचं. ते घालून जीपमध्ये उभं राहायचं आणि फोटो काढून त्या सिंह सांगणाऱ्यांना पाठवायचा, असा बेत. कंपनीच्या बाईंनी सांगितलं की केनियात साध्या नागरिकानं तसले कपडे घालायला बंदी आहे. वडील बराच वेळ 'साधा नागरिक' या शब्दांवर अडकून बसले. मग जाकीट घडी करून परत ठेवलं.

दुसरी बंदी मात्र मला गोड लागली. तिथं प्लास्टिकची पिशवी न्यायची नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागं कॅरीबॅगांनी भरलेली एक कॅरीबॅग टांगलेली आहे. तिच्याविरुद्ध मी पाच वर्षं लढले, पत्रक काढलं, उपास धरला, आणि आईनं मला उपासाची खिचडी कॅरीबॅगेत बांधून दिली. केनिया सरकारनं ते एका फोनवर मिटवलं. आईनं जुन्या सुती साडीच्या पिशव्या शिवल्या, चटणीला वेगळी, चिवड्याला वेगळी, गोळ्या-औषधांना वेगळी. मी कशाला येतीया, मी कशाला येतीया, असं मशीन चालवता चालवता म्हणत होती. पिशव्या तिघांच्या होत्या. मी मोजल्या.

मग पिवळ्या तापाची लस. ती पुण्याला घ्यावी लागते. सकाळची धार काढून आई चपला न घालताच गाडीत बसली, चपला मी हातात घेऊन पळाले. लस टोचल्यावर डॉक्टर म्हणाले की अर्धा तास बसा, काही त्रास होतो का बघू. आईनं त्यांना विचारलं की त्रास व्हायचा असंल तर तो गाडीत झाला तर चालंल का. येताना खंबाटकी घाटात एक ट्रक बंद पडला होता. घरी पोचायला पावणेसात झाले. म्हैस ओरडत होती ते आम्हाला डांबरी रस्त्यावरूनच ऐकू आलं. आई गाडी थांबायच्या आत उतरली.

आता व्यवस्थेकडं वळते. विकण्याचा विषय वडिलांनी एकदाच काढला. आई म्हणाली, मग मला बी त्याच टेम्पोत घाला. विषय संपला.

कडेगावला माझी मावशी असते. तिच्या पाच म्हशी, हात तयार. कुठली बी म्हैस माझ्याम्होरं नांगी टाकती, असं ती म्हणायची. तेव्हा तालीम म्हणून म्हैस आठवडाभरासाठी तिकडं पाठवली. आई टेम्पोमागं वेशीपर्यंत चालत गेली. तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला की तुमची म्हैस आजच्या आज घेऊन जावा. आमच्या म्हशीनं दूध दिलं नव्हतंच, पण शेजारच्या दोघींनीही द्यायचं थांबवलं होतं. मावशीचं म्हणणं, ही माझा सगळा गोठा बिघडवाय लागली. मी सांगलीत एकदा दोन कामगारांचा संप घडवायला महिनाभर खपले होते आणि तोही फिसकटला. त्या दिवसापासून मी म्हशीकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

मग वडिलांनी स्वतः आघाडी घेतली. आमच्या भागात हे सगळ्यांना माहीत आहे की धार काढणारी गावाला गेली तर तिची साडी नेसून बसायचं. जनावर वासाला आणि कापडाला फसतं. चांगले मिशीवाले गडी हे करतात, आणि त्यावर कुणी हसायचं नाही असा रिवाज आहे. रिवाज आहे, एवढंच मी म्हणते. वडिलांनी आईची रोजची हिरवी साडी ट्रॅक पँटवर गुंडाळली आणि ती सुटू नये म्हणून वरून पलटणीचा पट्टा आवळला. म्हशीनं साडीचा वास घेतला. कान सैल सोडले. मला वाटलं जमलं. मग तिनं मान वळवून वर बघितलं आणि तिला मिशी दिसली.

नेमकी त्याच वेळी शेजारची काकू ताक मागायला आली आणि गडव्यासकट दारातच उभी राहिली.

"आवं भावजी," ती म्हणाली, "पदर तरी घ्या डोईवर."

"वैनी, सराव चालू हाय," वडील जागचे न हलता म्हणाले, आणि म्हशीनं बादलीत पाय ठेवला.

दुसऱ्या दिवशी डेअरीत किटली घेऊन गेले तर रांगेतल्या चौघांनी त्यांना वाकून नमस्कार केला. एकानं विचारलं की काल वैनी लय उंच दिसत हुत्या, बरं हाय न्हवं. मी सुचवलं की मिशी काढा, दहा दिवसांत परत येईल. वडील म्हणाले की मिशी माझी एकट्याची नाही, पलटणीची आहे.

काकूनंही बघितलं करून. तिला साडी शोभली, पण म्हशीनं तिला भिंतीशी रेटून धरलं आणि सोडवायला आईलाच जावं लागलं.

असं करता करता शेवटचा आठवडा आला. सोमवारी सकाळी आई धार काढून आली, हात धुतले, आणि फ्रिजपुढं उभी राहून म्हणाली, "माजं नाव काढा. तुमी दोघं जावा. मला टीव्हीवर दिसतंय की."

तिच्या आवाजात राग नव्हता. लग्नातून उठताना 'तुम्ही बसा, मी निघते' म्हणते, तोच सूर. मग ती आत गेली आणि तिसऱ्या पिशवीतल्या गोळ्या काढून परत डब्यात ठेवायला लागली. मला इतका संताप आला की मी कार्यालयात फोन करून सांगितलं, आठवडाभर येत नाही, घरी आंदोलन आहे.

खरं तर पहिल्या दिवशीच म्हशीखाली मी बसायला हवं होतं. बसले नाही, कारण मला धार काढता येत नव्हती. गोठा असलेल्या घरात जन्मून सव्वीस वर्षांची झाले, बाईच्या श्रमावर भाषणं दिली, आणि सडाला हात लावला नव्हता. हे कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही.

आईची साडी नेसले. आई कडब्याच्या गंजीमागं लपली. तिनं तोंडातून आवाज काढायचा नाही असं ठरलं. मी बळजबरीच्या विरोधात आहे, म्हणून सोमवारी संध्याकाळी मी म्हशीला आधी माझी भूमिका समजावून सांगितली. तिच्या भूमिकेचा मला आदर आहे हेही सांगितलं. स्वच्छ, शांत आवाजात, मुद्देसूद, जसं सभेत बोलते तसं. ती रवंथ करत राहिली. तिनं मला लाथ मारली नाही की ढकललं नाही. लाथ मारण्याइतकं तिनं मला गंभीरपणे घेतलंच नव्हतं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. रोज मी तास घालवायचे आणि मग आई गंजीमागून येऊन पाच मिनिटांत बादली भरायची. येताना मला म्हणायची, आसू दे गं, दमली असशील. ते 'असू दे' मला लाथेपेक्षा जास्त लागायचं.

शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी शनिवार. संध्याकाळी बसले तेव्हा माझी बोटं सुजलेली होती. कशाबशा दोन चिळकांड्या आल्या. मला वाटलं, आता येईल. तेवढ्यात तिनं सावकाश, अगदी सवडीनं पाय उचलला आणि बादली माझ्या मांडीवर उलटी केली.

"आगं ए सटवे," मी म्हणाले. "मी काय दिवसभर मोकळी बसलीया व्हय गं? वैरण मी घालायची, पानी मी दावायचं, आन् वर नखरं तुजं मीच बघायचं? पाया पडू का आता तुज्या? सोड म्हनती न्हवं!"

हे माझं बोलणं नव्हतं. अशी मी घराबाहेर पडल्यापासून बोलले नव्हते. सांगलीला कॉलेजात गेले तेव्हाच हे तोंड मी जाणूनबुजून मागं टाकलं होतं. पण लहानपणापासून रोज सकाळ-संध्याकाळ खिडकीतून हेच ऐकलेलं. लोकांच्या घरात भूपाळी वाजते, आमच्यात हे. शब्द आईचे, चढ-उतार आईचा, शेवटच्या 'न्हवं'ला दिलेला हिसकासुद्धा आईचाच.

म्हशीनं पाय खाली ठेवला. एक कान मागं वळवला. आणि सड एकदम गरम लागले. धार बादलीच्या पत्र्यावर चर्र वाजली, मग फेस चढला तसा आवाज घोगरा होत गेला. मी थांबायला घाबरत होते, म्हणून बोलतच राहिले. सुचेल ते बोलले. तिची चाल काढली, तिचं खानदान काढलं, कडेगावचा संपसुद्धा काढला. बादली काठोकाठ भरली.

गंजीमागून आई बाहेर आली. तिच्या केसात कडब्याची पाती अडकलेली होती. बादलीकडं तिनं बघितलंच नाही, माझ्याकडं बघत राहिली.

"माजं तोंड तू कवा उचललंस गं?" ती म्हणाली.

मी बादली घेऊन घरभर नाचले. वडिलांना दाखवली, काकूला हाक मारून दाखवली. वडील उठले, फ्रिजपाशी गेले, आणि आपल्या आधीच्या शेऱ्याखाली लाल पेनानं लिहिलं: व्यवस्था पाहिली. समाधानकारक. पेनाचं टोपण लावताना ते माझ्याकडं बघून थांबले, कारण त्यांना ते कळलं होतं आणि मला अजून कळायचं होतं. मी व्यवस्था दाखवली होती, आणि ती व्यवस्था मीच होते.

माझ्यासारखी बाई असं सहजासहजी मान्य करत नाही. मी त्याच संध्याकाळी माझं सगळं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि शनिवारी सकाळच्या धारेला काकूला साडी नेसवून तो तिच्या कमरेला खोचला. म्हशीनं ऐकून घेतलं. मग काकूला काही न करता फक्त मोबाइलवर नेम धरून लाथ मारली.

गावात आता असं सांगितलं जातं की पोरीनं मोठ्या मनानं आपलं तिकीट आईला दिलं. खोटं आहे. मी बूट घेतले होते, खास, घोट्याच्या वरपर्यंत येणारे. कार्यालयात सगळ्यांना सांगून झालं होतं. जिराफाच्या मानेत हाडं किती ते पाठ केलं होतं. शनिवारी धार झाल्यावर मी त्या बुटांकडं बघत खाटेवर बसले होते आणि आई स्वयंपाकघरात गोळ्या परत पिशवीत भरत होती. भरता भरता मधेच थांबून माझी चाहूल घ्यायची. मी उठून गेले असते आणि 'मला जायचंय' म्हणाले असते, तर तिनं त्या परत डब्यात ठेवल्या असत्या आणि वर मला चहा दिला असता. ते मला दिसत होतं. तेवढ्यासाठी मी उठले नाही.

दुपारी मीच कंपनीत फोन केला. तिघांतलं एक नाव कमी करा, माझं. बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, म्हैस. त्या म्हणाल्या की मी 'घरगुती अडचण' असं टाकते. मी त्यांना म्हटलं, अडचण लिहू नका. पहिल्यांदा रजेवर चाललेल्या बाईच्या कागदावर तो शब्द नको. बदली माणूस मिळाला आहे, असं लिहा. त्या म्हणाल्या की फॉर्ममध्ये तसा रकाना नाही. मी रकान्याविषयी जे बोलले त्यावर त्यांनी फोन साहेबांकडं दिला.

निघायच्या आधीचे तीन दिवस आईनं तीन साड्या एकेक दिवस अंगावर वागवल्या आणि न धुता माझ्यासाठी घडी करून ठेवल्या, वास राहावा म्हणून. त्या पाळीपाळीनं नेसायच्या, धुवायच्या नाहीत, अशी ताकीद दिली. स्वतः नवी साडी नेसली, म्हशीला ओळख लागू नये म्हणून. आणि गोठ्याकडं न बघता पुढच्या दारानं, मान खाली घालून, घर सोडून चाललेल्या पोरीसारखी निघाली. वडील मागून तीन बॅगा घेऊन. त्यातली एक माझी होती. ती कशाला नेता म्हटलं तर म्हणाले, आत तुजे बूट हायत, तुज्या आईला बसत्यात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी धारेला बसले होते तेव्हा फोन आला. कानाला लावता येईना म्हणून मी तो स्पीकरवर टाकला आणि कापडी पिशवीतून खुंटीला अडकवला.

आई आधी वैरणीचं विचारती झाली. मग सांगायला लागली. सिंह दिसला. वडील जीपमध्ये उभे राहिले आणि फोटो काढायचा विसरले. सिंह नुसता झोपला होता, तुज्या पप्पांगत, रजेवर आल्यासारखा. ती दाढीवाली जनावरं नदीच्या काठाला जमली होती, पण उतरली नाहीत. दोन तास नुसती उभी.

मग तू काय केलंस, मी विचारलं.

"मी बी बसले गं," आई म्हणाली. "दोन तास. कुनी ऊठ म्हनलं न्हाई."

थोडा वेळ बादलीचाच आवाज येत राहिला. मग ती म्हणाली की तिथं रानम्हशी पण आहेत, शिंगं कपाळावर भांग पाडल्यागत. "त्यातली एक माज्याकडं लय टक लावून बघत हुती. मी म्हनलं, न्हाई बाई, मी रजेवर हाय."

माझ्या हातातले सड गार पडले. म्हशीनं मान वर केली होती, दोन्ही कान खुंटीवरच्या फोनकडं. धार थांबली.

आईला ते हजारो मैलांवरून ऐकू आलं. "पान्हा चोरला व्हय तिनं? दे तिला फोन."

नको, मी म्हटलं, आणि उठून फोन बंद केला. मग परत खाली बसले, पदर खोचला आणि तोंड सोडलं.